अक्कांच्या गॅरेजचं अर्थिंग

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. चोपड्यात बावीस वर्षं वायरमनचं काम करतोय. 'घरात काहीतरी आहे, लाइट आपोआप लागतो' म्हणून लोकांनी मला कितीदा बोलावलं, आणि दरवेळी न्यूट्रल लूज निघाला. त्यामुळे हे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय... पण लिहितो.

यावल रोडकडे एक अक्का राहतात. त्यांचे यजमान, आमचे नाना, दिवाळीत गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. अंगणाच्या टोकाला नानांच्या जीपचं गॅरेज आहे, लोखंडी शटरचं. तिथं वीज कधी नव्हतीच. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांची मुलगी वैशाली एरंडोलहून इलेक्ट्रिक स्कूटरवर माहेरी येणार होती. चार्ज झाल्याशिवाय परत जाता येणार नाही, म्हणून अक्कांनी मला बोलावलं.

काम सोपं होतं. घरातल्या बोर्डात वेगळा एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच, टाकला, जमिनीतून पाइप घालून केबल नेली, गॅरेजात एक दिवा आणि एक पॉइंट काढला. मग अर्थिंग तपासलं आणि कपाळाला हात लावला. घराचा अर्थिंगचा खड्डा जुना, मीठ-कोळशाचा. नाना उन्हाळाभर रोज त्यात बादलीभर पाणी ओतायचे. आता माती भेगाळली होती. फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब धरला तर आतली तार नुसती लाल झाली.

नवा खड्डा हवा होता. पण आखाजीच्या आदल्या दिवशी खणायला माणूस कुठून मिळणार? आपल्याकडे वर्षाच्या बोलीवरचे सालदार गडीसुद्धा त्या दिवशी मोकळे होतात. मी म्हटलं, "अक्का, सण झाला की करू." आणि सप्लाय चालू करून चारच्या सुमारास घरी आलो. अर्थिंगशिवाय लाइन सोडू नये हे मी पोरांना शिकवतो, आणि मीच सोडली. लाज वाटते सांगायला.

आखाजीच्या सकाळी आठला वैशालीचा फोन आला. "दादा, गाडी चार्जच झाली नाही. गॅरेजचा एमसीबी पडलाय. आई म्हणते, वर करू का?"

"हात लावू नका. कशालाच," म्हणालो आणि तसाच निघालो.

अर्थिंगला जोडलेल्या शटरच्या चौकटीवर मी मारलेल्या क्लॅम्पचा स्क्रू केबलमध्ये घुसला होता. आदल्या संध्याकाळी सहाला वैशालीनं गाडी आत चार्जिंगला लावून शटर ओढलं, त्या हिसक्यानं तो फेजला टेकला असावा, कारण बॅटरी तेव्हा होती तेवढीच होती. म्हणजे एमसीबी लगेच पडला होता. तो पडला नसता तर अख्ख्या शटरमध्ये करंट राहिला असता.

"सकाळी शटर कोणी उघडलं?" मी विचारलं.

"मी," अक्का म्हणाल्या. "सडा टाका, मंग उघाडं."

अनवाणी, ओल्या जमिनीवर.

पण एमसीबी पडला कसा? करंट जोरात जमिनीत उतरला तरच तो पडतो, आणि तसल्या कोरड्या अर्थिंगवर ते शक्य नव्हतं. जाऊन पाहिलं तर खड्डा ओला. पहार घातली, ती हातभर चिखल घेऊन वर आली. बल्ब धरला, लख्ख पेटला. अहो, एका बादलीनं असं होत नाही, आठ-दहा दिवस रोज पाणी टाकावं लागतं. आणि मी गेल्यापासून शटर ओढेपर्यंत मध्ये फक्त दोन तास! नळाला तीन दिवस पाणी नव्हतं. न्हाणीचं पाणी घराच्या दुसऱ्या बाजूनं जातं, तेही पाहिलं. शेजारी कुलूप लावून गावी गेलेले.

"पाणी तुम्ही टाकलं?"

"नही भाऊ. त्या गयात, तवयपासून कोन्हीच नही टाकं." त्या म्हणजे नाना.

मग मी सगळं कबूल केलं. चूक माझी होती, आज तुम्ही गेला असतात, असं सरळ सांगितलं. वैशाली रडायला लागली. मला वाटलं, अक्का शिव्या घालतील. त्यांनी वाकून खड्ड्यातल्या ओल्या मातीला हात लावला.

"सहा महिना व्हयनात, मी त्यासवर रागमा शे," त्या म्हणाल्या. "सांगाबिगर चालना गयात म्हनीसन." मग पदरानं डोळे पुसले. "आते नही."

पुढच्या दोन दिवसांत मी स्वतः खणून नवं अर्थिंग केलं, थोडा करंट गळला तरी लाइन तोडणारा ईएलसीबी बसवला. जुना खड्डा मात्र अक्कांनी बुजवू दिला नाही.

पाणी कुठून आलं, मला अजून कळलेलं नाही. इथं माझ्यापेक्षा जाणकार मंडळी आहेत, कोणाला शास्त्रीय कारण सुचलं तर मला जरूर कळवा. फक्त अक्कांना सांगू नका.