भिवराबाईची न्हाणी

लग्नाची तिथी धरली की लोक मांडव-वाजंत्रीच्या मागं लागतात. आमच्या शेजारच्या भिवराबाईनं आधी विटा आणल्या.

"सून यायच्या आत न्हाणी झाली पायजे, वैनी. आतून कडी लागनारी."

ती पोरवयापासून ऊसतोडीला जाणारी. कारखान्यावर पाचटाच्या झोपडीमागं, कोपीमागं, दोन बांबू रोवायचे, त्यांना लुगडं बांधायचं, जावेला राखणीला उभं करायचं आणि उजाडायच्या आत दोन तांबे अंगावर घ्यायचे, अशी तिची उभी हयात गेली. होणाऱ्या सुनेच्या, शिवकन्येच्या वाट्याला ते येऊ नये, एवढाच तिचा हट्ट होता.

त्या वर्षी दुष्काळानं ऊस जागेवरच वाळला. कारखान्याचा पट्टा लवकर पडला, गाळप थांबलं आणि टोळ्या वेळेआधी आमच्या गेवराईला परतल्या. बाई लगेच कामाला लागली. भांडी धुतलेलं पाणी साठवून तिनं भिंतींवर मारलं. न्हाणी उभी राहिली ती घरामागं, कंपाउंडला चिकटून.

आता गंमत अशी, की नगरपरिषदेनं मंजूर केलेल्या तिच्या घराच्या नकाशात न्हाणी होतीच. घरात, चुलीच्या भिंतीला लागून. बाईनं ती बांधूच दिली नव्हती. तिथं ज्वारीची कणगी उभी होती. न्हाणी कोपीच्या मागंच असते, हे तिच्या हाडात मुरलेलं.

आमच्या गृहनिर्माण सोसायटीचे चेअरमन सुंदरराव बघायला आले.

"भिवराबाई, मागची जागा मोकळी सोडायची असती. नियम हाय."

"तुमच्या नियमाला आंगुळ लागत न्हाई, आमाला लागती."

"अहो, मग घरात करा की!"

"चुलीशेजारी? तुमच्या घरी भाकरी आन् आंगुळ एकाच ताटात वाढत्यात का?"

सुंदरराव मिशीत हसले आणि गेले. भिवराबाईला वाटलं, आपण जिंकलो.

दोन दिवसांनी टँकर आला. मागची गल्ली बोळासारखी. टँकर तिथं वळतच नाही. मागच्या घरांच्या हौदांत पाणी जायचं ते घरांमागं सोडलेल्या याच मोकळ्या जागेतून नेलेल्या पाइपानं. भिवराबाईच्या मागं राहणारे म्हातारे आश्रुबा पाइपाचं तोंड धरून उभे राहिले. समोर नवी भिंत. वळसा घालावा तर पाइप पुरेना.

"भिवरे, तुझ्या सुनंच्या आंगुळीपायी मला पारोसं ठिवती का?" आश्रुबा भिंतीपलीकडून ओरडले. "ठिव बाई. तसंबी मला कोन हुंगतंय!"

गल्ली हसली. भिवराबाई मात्र हसली नाही. तिनं घागरींनी त्यांचा हौद भरून दिला, मग पदर खोचला आणि पहार घेतली. मी म्हटलं, "अहो, निदान गवंड्याला तरी बोलवा."

"बांधायला गवंडी लागतो, वैनी. पाडायला मीच लई."

भिंत पडली. लग्न तोंडावर आलेलं, आणि चुलीशेजारी न्हाणी तिला मान्य नव्हती. संध्याकाळी ती घरभर फिरत राहिली. मग बैठकीच्या खोलीत, पुढच्या दाराजवळच्या उजेडाच्या कोपऱ्यात येऊन थांबली. आमच्याकडं त्या कोपऱ्यात काचेचं शोकेस असतं.

"हितं."

"इथं? पाहुणा आला की पहिलं न्हाणीचंच दार दिसेल!"

"दिसू द्या की. आंगुळ झाकायची असती. दार कशापायी झाकायचं?"

सांडपाणी बाजूच्या गटारात सहज जात होतं. सोसायटीचं ना-हरकत पत्र सुंदररावांनी उभ्या-उभ्या दिलं. नगरपरिषदेतल्या इंजिनिअरांनी सुधारित नकाशा दोनदा फिरवून पाहिला.

"मावशी, बैठकीत न्हाणी? नक्की ना?"

"तुमच्या नियमात बसती का न्हाई, तेवढं सांगा. आमच्या मनात बसलीय."

नियमात बसत होती. लग्नाच्या आदल्या आठवड्यात परवानगी हातात आली आणि विटा पुन्हा रचल्या गेल्या. दाराला निळा रंग दिला. आत पितळेची कडी.

लग्नानंतरच्या सकाळी आम्ही बायका सून बघायला गेलो. सुंदररावही आलेले, आश्रुबाही. त्यांना जागा मिळाली ती नेमकी न्हाणीच्या दाराशेजारी. आतून पाण्याचा आवाज, बांगड्यांचा आवाज, आणि शिवकन्या कसलंसं गाणं गुणगुणत होती. चेअरमनसाहेब छताकडं बघत चहा पीत राहिले.

तेवढ्यात रस्त्यावर टँकरचा भोंगा वाजला. बायका घागरींकडं धावल्या. एकीनं जाता जाता दारावर थाप मारायला हात उचलला, "अगं पोरी, पाणी आलं, आटप!"

भिवराबाईनं तो हात वरच्या वर धरला.

"तिला कुनी हाक मारायची न्हाई. सावकाश निघंल ती." आणि सुनेची घागरही स्वतःच्याच कमरेवर घेऊन ती टँकरकडं पळाली.