होऊन गेलेली गाय

माझ्या लग्नात वडिलांनी मला गाय आंदण दिली. आमच्या गुरं राखणाऱ्या घरांत तशी पद्धत होती, आणि शहाणा बाप लाळ-खुरकूत होऊन गेलेलीच गाय निवडायचा. एकदा वाचली म्हणजे आता पुन्हा रोग धरणार नाही, असा हिशोब. सासरी पडेगावला आल्यावर सासऱ्यांनी तिचे भरून आलेले खूर उचलून पाहिले आणि खूश झाले.

दोन-अडीच महिन्यांनी गोठ्यातल्या तिन्ही म्हशींच्या तोंडातून लाळ गळायला लागली. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा शहर वारंवार बंद असायचं. वाळूजच्या कंपनीची बस येत नव्हती, म्हणून नवराही घरीच. जनावरांचे डॉक्टर चौथ्या दिवशी सायकलवर आले.

"नवीन जनावर आणलंय का?"

"सुनेची गाय. पण तिला होऊन गेलंय," सासरे ऐटीत म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, "बऱ्या झालेल्या जनावराच्या घशात रोग राहू शकतो. वर्ष, दोन वर्षंसुद्धा. वरून काही दिसत नाही. हिच्यामुळंच झालं असं मी म्हणत नाही, रस्त्यानंही आला असेल. पण दोन वर्षं हिला दुसऱ्या गोठ्यात नेऊ नका."

"मग तपासून सांगा की," नवरा म्हणाला.

"इथं ती सोय नाही."

डॉक्टर निघताना सासऱ्यांनी त्यांचं आडनाव विचारून घेतलं आणि ते गेल्यावर हसले. त्या दिवसांत आमच्याकडं माणसाचं आडनाव आधी ऐकायचे, म्हणणं मग.

म्हशी जगल्या. एकीचं दूध आटलं ते आटलंच. पुढच्याच महिन्यात वेरूळहून नणंद आली. तिची दुभती गाय साप चावून मेली होती आणि पोराचं अंगावरचं दूध सुटलेलं. घर चालायचं ते एका बैलजोडीवर. तिचा नवरा लोकांची नांगरट करायचा.

"हिची गाय ने," सासरे म्हणाले. "होऊन गेलेली हाय, तुझ्या बैलांना धोका नाय."

गाय गेली असती तर त्या संशयातून मी सुटले असते. पण बैल बसले तर वन्संचं घर बसणार. आणि बोलावं, तर रोग माझ्या माहेरनं आणला हे मीच कबूल करणार.

"का गं वयनी, तोंड का उतरलं? बापाची गाय सोडवंना व्हय?"

"न्या खुशाल वन्सं. पण आधी बैल दुसऱ्याच्या दारात बांधून या. डॉक्टर काय बोलले ते मी ऐकलंय. आपल्या म्हशींना हिनंच दिलं असंल."

सासू चुलीपुढून उठली. "म्हंजी तुझ्या बापानं आंदणात रोग दिला?"

"दिला म्हणता येत नाय, अन् नाय दिला असंबी म्हणता येत नाय."

वन्सं रिकाम्या हातानं गेल्या. गाय वस्तीबाहेर खडकावर, पत्र्याच्या आडोशाला गेली. "तिचं तीच बघंल," सासऱ्यांनी ठरवून टाकलं. वैरण, पाणी, शेण, धार, सगळं माझ्याकडं. परत आल्यावर सोड्याच्या पाण्यानं हातपाय धुवायचे. तिच्या दुधाचा चहा सासू पीत नव्हती. म्हशींच्या गोठ्यात मला बंदी. विहिरीवरच्या बाया म्हणायच्या, "एका खुंट्याला दोघी बांधल्या गं." मीही हसायचे, काय करणार? दोन वेळची धार कोण काढणार म्हणून पंचमीला माहेरी जाता आलं नाही. पोळाही तिथंच केला.

दिवाळीत वडील मला न्यायला आले. सगळं ऐकून घेतलं आणि सासऱ्यांना घेऊन आडोशापाशी आले. म्हणाले, "आमच्याकडं समद्या गुरांना होऊनच गेलंय. गाय मी नेतो. भीती नाय."

एवढं सरळ होतं. मी दोर सोडून वडिलांच्या हातात दिलासुद्धा.

सासरे म्हणाले, "आंदण माघारी जात नसतंय, पाव्हणं. गाय नेणार असाल तर पोरगीबी तिकडंच ठेवा."

मी नवऱ्याकडं पाहिलं. त्याला दुपारपाळीची बस गाठायची होती. तो रस्त्याकडं बघत होता.

वडिलांनी गाईच्या पाठीवरून हात फिरवला. ती चांगली अंगात भरली होती. "तब्येत तर बरी दिसती," ते म्हणाले.

"वरून बरीच हाय. तेच तर झालंय," मी म्हणाले.

ते दोर हातात धरून उभे राहिले. मी तो काढून घेतला आणि गाय पुन्हा खुंट्याला बांधली.

"तुमची गाडी चुकंल," मी म्हणाले. "निघा आता."