सुरुवातीचे टाके

विनताचा दिवस चारला सुरू व्हायचा. सहाला नळ यायचा, म्हणजे हातात दोन तास. त्या दोन तासांत ती आदल्या दिवशी आणलेलं विणकाम उसवायची.

गढा वस्तीतल्या एका गल्लीत ती एकोणीस हिवाळे मोजे विणत होती, पण एकाही मोज्याची सुरुवात तिनं स्वतः केली नव्हती. रीतच तशी होती. जाणतीनं टाके घालून द्यायचे, बाकीच्यांनी पुढे विणायचं. मोजे शहरात, राइट टाउनच्या एका दुकानात जायचे, शुगरच्या पेशंटांसाठी. बोटांपाशी शिवण चालत नाही. घासली की जखम होते. ही बिनशिवणीची सुरुवात गल्लीत एकट्या सत्यवतीकाकूंना यायची. पाठ फिरवून त्या टाके घालत, दोन फेऱ्या विणत, मग सुया बाईच्या हातात ठेवत. दुकानाचं काम त्यांच्याच हातून यायचं आणि मजुरीतला तिसरा हिस्सा त्या ठेवून घ्यायच्या.

विनतानं एकदा विचारलं होतं, "काकू, मलाही शिकवा ना."

"काहून? मी मरून राहिली का?" काकू म्हणाल्या. काकूंच्या पायरीवर विणत बसलेल्या बायका हसल्या. "तू विण. सुरुवातीला डोकं लागते."

मोबाइलवर व्हिडिओ पाहून झाला. त्यातली बाई भरभर हात चालवायची, आणि थांबवावं तिथे दोरा नेमका बोटामागे. मग विनतानं उलट्या वाटेनं जायचं ठरवलं. काकूंनी घातलेल्या दोन फेऱ्या पहाटे एकेक टाका उसवायच्या आणि दोरा कुठून येतो ते बघायचं. फेऱ्या नीट सुटायच्या. सुरुवात मात्र एका ओढीत सुटून जायची, हातात नुसती लोकर.

मग काकूंच्या पायरीवर जाऊन सांगायचं, सुई निसटली.

"हाताला तेल लावून बसते का गं? एकोणीस वर्षांत सुई धरता नाही आली?"

सात वेळा तिनं हे ऐकून घेतलं. आठव्या वेळी फेऱ्या सोडवल्यावर, सुरुवातीचे टाके सुयांवर असतानाच तिनं शिवणाच्या सुईत लाल दोरा ओवला आणि लोकरीच्या शेजारून, टाक्यामागे टाका, शेवटपर्यंत नेला. दीड तास लागला. मग लोकर काढून घेतली. सायकलच्या आऱ्यांपासून केलेल्या दोन सुयांवर लाल दोरा जिथल्या तिथे राहिला. इंग्रजी आठाचा आकडा. एकदा वरच्या सुईवरून, एकदा खालच्या सुईखालून, मधून आरपार. एवढंच.

तिला आनंद झाला नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी एकोणीस वर्षं पायरीवर बसवलं, याचा संताप आला.

कळणं वेगळं आणि हाताला येणं वेगळं. मधले टाके ढिले लोंबायचे. प्रत्येक टाक्याची ढील सुईच्या टोकानं ओढून शेजारच्याला द्यायची, त्यानं पुढच्याला. आणखी बारा पहाटा गेल्या. तर्जनीला भेग पडली, तीवर चिकटपट्टी लावून ती विणत राहिली.

पहिला पूर्ण मोजा घेऊन ती थेट राइट टाउनला गेली. दुकानवाल्या श्रद्धानं मोजा उलटा करून टोकावर अंगठा फिरवला. "अच्छा, ये तो काकी जैसा ही है. पूरा आपका?"

"शुरू से," विनता म्हणाली.

त्या दिवसापासून काम थेट मिळू लागलं, मजुरी पूर्ण. काकूंनी बोलणं टाकलं. आठवड्यानं पायरीवरचीच शकु सुया घेऊन आली.

"ताई, मले दाखवा ना एकदा. ती बुढी कशी बोलते, तुम्हाले तर माहीत आहे."

विनतानं सुया तिच्या हातातून घेतल्या. "दाखवायला वेळ नाही. घालून देते."

"आणि हिस्सा?"

"तिसरा. चालत आला तोच."

विनता आतल्या खोलीत गेली, तशी शकुही मागोमाग दारात येऊन उभी राहिली, मान पुढे काढून.

"बाहेर बस," विनता म्हणाली.

पहिल्या पूर्ण मजुरीतून चष्मा बदलायचं ठरलं होतं. चष्मा राहिला. सुताराला बोलावून तिनं आतल्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवून घेतली.