कपाळावरची झुलपं

माझं कपाळ पाटासारखं रुंद. आई म्हणायची, मोठं कपाळ भाग्याचं, ते झाकू नये. मला भाग्यापेक्षा आरसा जवळचा होता. वालचंदनगरला मावशीकडे गेले, तेव्हा तिथल्या बायकांच्या कपाळावर कापून सोडलेली झुलपं पाहिली आणि सणसरला परतल्यावर स्वतःच कात्री घेतली. माझे केस कुरळे. ओले कापले तर वाळल्यावर वर चढतात, म्हणून कोरडेच कापले. भुवयांना टेकतील एवढे ठेवले आणि मधे कुंकू दिसेल इतकी फट सोडली. रुंद कपाळ निम्मं झालं, चेहरा उठून दिसू लागला.

त्याच साली इंदापूरची मंडळी मला बघायला आली. मुलाच्या आत्यानं वेणी सोडून केसांची लांबी पाहिली. मग बोटानं झुलपं वर सारून म्हणाली, "कपाळ तर चांगलं हाय की. मग ही कशाला लोंबत्यात?"

"मला शोभत्यात म्हणून," मी म्हणाले आणि सगळ्यांसमोर ती पुन्हा खाली ओढली.

नकार आला. पुढं लग्न बारामतीत जमलं. अंतरपाट दूर झाला, तेव्हा मुंडावळ्यांच्या मागं माझी झुलपं होती. ती मी त्याच सकाळी नव्यानं कापली होती.