इंडिकेटर काकी

काका मोटरसायकल चालवत आणि काकी मागे एका अंगाने बसत. वळण आलं की काकींचा बांगड्यांनी भरलेला हात आडवा बाहेर यायचा. तळहात सपाट, बोटं जुळलेली, पंगतीत 'पुरे' म्हणताना पानावर धरतात तसा. गाडीचे इंडिकेटर कधीच निकामी झाले होते, आणि काकी असताना ते दुरुस्त करण्याची काकांना गरज वाटत नव्हती. लालबागच्या आमच्या चाळीतल्या आम्हा टवाळांनी त्यांचं नाव 'इंडिकेटर काकी' पाडून टाकलं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "ठेवा नाव. निदान माझा बल्ब तरी उडत नाही." पुढे त्यांचं खरं नाव आम्ही विसरूनच गेलो.

काकांची उमेदीची वर्षं गिरणीच्या साचेखात्यात, कापड विणायच्या मागांवर गेली होती. गिरणी बंद झाली, पण साच्यांच्या खडखडाटाने जाता जाता त्यांचे कान नेले. मागून आलेला हॉर्न त्यांच्यापर्यंत पोचत नसे. त्यामुळे काकी वाटभर त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बोलत. "डावीकडून टॅक्सी. जाऊ द्या तिला." मुलगी वडाळ्याला राहायची आणि तिचं बाळ सांभाळायला दोघं रोज दुपारी जात. बसने जा, असं मीही त्यांना अनेकदा सुनावलं आहे. काकी म्हणायच्या, गाडी हे ह्यांचं शेवटचं काम उरलंय, ते काढून घेतलं तर हे खुर्चीत बसतील ते पुन्हा उठायचे नाहीत. म्हणून काकांनी गाडी चालवायची आणि काकींनी मागे बसायचं, हे ठरलेलं होतं. एकाशिवाय दुसऱ्याला गाडीवर जागा नव्हती.

गाडीला पंधरा वर्षं झाली आणि पुन्हा पासिंग करून घेणं आलं. अर्ज ऑनलाइन भरायचा होता, म्हणून वडाळ्याच्या आरटीओत मीही बरोबर गेलो. साहेबांनी ब्रेक पाहिला, हॉर्न वाजवून घेतला आणि म्हणाले, "लेफ्ट इंडिकेटर दाखवा." काकांना ऐकूच गेलं नाही. बाजूला उभ्या असलेल्या काकींचा डावा हात मात्र सवयीने बाहेर आला. साहेब हसले, पण गाडी त्यांनी परत पाठवली, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. आठवड्याने नवे दिवे बसवून गाडी पाच वर्षांसाठी पास झाली. घरी येताना प्रत्येक वळणावर दिवाही लुकलुकत होता आणि हातही बाहेर होता.

त्यानंतर काही दिवसांनी मी नवी गाडी घेतली. दर दोन-तीन वर्षांनी काही ना काही नियम बदलतो आणि गाडी घेणारा शोरूममध्ये अडाण्यासारखा उभा राहतो. नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला होता. इंजिन चालू आहे तोवर पुढचा दिवा बंद करायची सोयच नव्हती. रस्त्यात लोक मूठ उघडमीट करून 'लाइट चालू आहे' असं सांगत, आणि काकींनी विचारलं, "दिवसाढवळ्या दिवा? बिल सरकार भरतं काय रे?" गाडीबरोबर नियमाने दोन हेल्मेटं मिळाली होती. माझ्या मागे बसायला कोणी नव्हतं, हा चाळीचा जुना विनोद. तेवढ्यात मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं झालं, म्हणून दुसरं मी काकींना देऊन टाकलं.

ते त्यांच्या डोक्यात शिरेना. काकींचा अंबाडा लग्नापासूनचा, चांगला उंच, आणि त्यावर हेल्मेट पाटीसारखं डुगडुगायचं. चार दिवसांनी बघतो तर झकास बसलेलं. काकींनी आतलं थर्माकोल विळीच्या खवणीवर खोबऱ्यासारखं खवून अंबाड्यापुरता खळगा केला होता. मी भडकलो. डोकं वाचवतं ते हेच थर्माकोल, अंबाडाच जपायचा असेल तर घरी बसा, असं बोलून गेलो. आपण फार बोललो, हे मला जिना उतरताना कळलं. माझी जीभ नेहमीच माझ्या पुढे दोन पायऱ्या असते.

दोन दिवसांनी काकी नवं हेल्मेट घेऊन गॅलरीत आल्या, पाठीवर एक बारीकशी पांढरी वेणी. सगळी चाळ बघत होती. मी माफी मागायला गेलो तर म्हणाल्या, "असू दे रे पम्या. ह्यांचे कान माझ्या डोक्यात आहेत. ते फुटून कसं चालेल?"

पण दोघांच्या डोक्यांवर हेल्मेटं चढल्यावर काकींचं बोलणं काकांपर्यंत पोचेना. परळच्या पुलावर एक बस अगदी घासून गेली. त्या रात्री म्हणे काकांना पलंगावर पुढे बसवून काकींनी मागून शिकवणी घेतली. डावीकडून काही आलं तर डाव्या खांद्यावर थाप, उजवीकडून आलं तर उजव्या, आणि दोन्ही खांदे दाबले की थांबायचं. बायकोच्या तालावर उघड उघड चालणारा हा एकच नवरा, असं आम्ही चिडवायचो. काकांना ते ऐकू जात नसे.

गेल्या दिवाळीनंतर काकी चार दिवसांच्या तापाने गेल्या. काकांनी गाडीला हात लावला नाही. मुलीने कानाचं मशीन आणायचा हट्ट धरला तेव्हा ते मला म्हणाले, "मशीनने ऐकू येईल रे. पण सांगणार कोण?"

पासिंगची पाच वर्षं संपत आली. मी म्हटलं, पुन्हा अर्ज भरतो. काका नुकतेच रेशनकार्डावरून काकींचं नाव कमी करून आले होते. म्हणाले, "आता गाडीचंही नाव कमी करून टाकू."

गाडीची नोंदणी रद्द करायचे कागद आरटीओत द्यायला त्यांना माझ्या गाडीवरून वडाळ्याला नेलं. त्यांनी काकींचं हेल्मेट घातलं होतं. वाटभर मागून आवाज नाही, हालचाल नाही. वळण जवळ आलं, मी इंडिकेटर लावला आणि गाडी डावीकडे घेऊ लागलो, तोच माझ्या डाव्या खांद्यावर थाप पडली. आरशात पाहिलं. डावीकडून टॅक्सी येत होती.

मी तिला जाऊ दिलं.