नव्या बेंचला पाय कोण लावणार

चौथ्यांदा बोल्ट कसले, तरी बेंच सरकतच होतं. दुपारचे तीन वाजून गेलेले. नवीन जालन्यातल्या एका बँकेच्या शाखेचं दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटन, आणि काउंटरचं दार चौकटीत अडत होतं. मी फर्निचर कंत्राटदाराचा सुपरवायझर. शेठनी सकाळीच बजावलं होतं, "दार आज बसलं न्हाई तर उद्यापासून येऊ नको."

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. आमचे दगडूमिस्त्री जन्मभर जमिनीवर बसून, फळी पायानं दाबून रंधा मारत आलेले. पण इथली फरशी नवीकोरी. "एक ओरखडा दिसला तर काम बंद," असं मॅनेजरनी सांगून टाकलं. म्हणून मीच हट्टानं शेठना हे सुतारकामाचं घडीचं बेंच घ्यायला लावलं. सुटे भाग पान्यानं जोडायचे, वरच्या दोन फळ्यांमध्ये लाकूड धरायचं आणि हँडल फिरवून आवळायचं. सकाळी जोडून झाल्यावर हळद-कुंकू, नारळ सगळं यथासांग केलं. तोही आग्रह माझाच.

आणि आता मिस्त्रींनी रंधा पुढं ढकलला की बेंचही पुढं. माझा जीव टांगणीला लागला होता. पाना घेऊन मी बेंचभोवती नुसता नाचत होतो.

"साहेब, बोल्टाला कशाला छळून राह्यले?" मिस्त्री वैतागले.

शेवटी पुस्तिका काढली. घाईत शेवटची पानं बघितलीच नव्हती. तिथं चित्र होतं: खालच्या पट्टीवर पाय दाबून उभा असलेला माणूस. बेंच वजनाला हलकं, माणसाच्या भारानंच जागेवर राहणारं.

"मिस्त्री, इथं पाय ठेवा. जल्दी!"

"पूजा झाल्यावर? बिलकुल न्हाई. लाकडाला पाय चालतो, हत्याराला न्हाई."

"मंग रेतीचं पोतं ठेवू."

"बांधकामवाले कालच सगळं उचलून घेऊन गेल्ते. तुम्हीच ठेवा पाय. पूजा तुमचीच होती."

मी बूट काढले, बेंचला नमस्कार केला आणि एका पायाचा सगळा भार पट्टीवर टाकला. बेंच जागचं हललं नाही. मी हललो की मिस्त्री ओरडायचे, "साहेब, बराबर उभं राहा!" मला एका जागी पाच मिनिटं बसवत नाही. त्या दिवशी दोन तास खांबासारखा उभा होतो. लाज वाटत होती, पण दार घासलं जात होतं.

साडेपाचला शेठ आले. "तू काय करून राह्यला रे?"

माझ्याआधी मिस्त्रीच बोलले, "ते वजन आहेत, शेठ. त्यांना हलवू नका."

सहा वाजता दार बसलं. नोकरी राहिली. तेव्हापासून नवं यंत्र आलं की मी आधी पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचतो, नारळ नंतर फोडतो.