उशिरा येणाऱ्या बायकांची वही

लुदोविनाला ऑटिझम आहे, हे पोर्तुगालमधल्या सेतुबाल शहराच्या सांस्कृतिक खात्यातल्या क्वारेज्मा साहेबांना कळलं, तेव्हा त्यांना केवढा आनंद झाला. त्याआधी एकोणीस वर्षं ती अभिलेखागारात माझ्या शेजारी बसून कागद लावत होती आणि साहेबांना तिचं नावही ठाऊक नव्हतं.

निमित्त झालं एका नाट्यप्रयोगाचं. तो तिनं तेल्मूबरोबर बसवला होता. तेल्मू नट. एका जागी बसणं त्याला जन्मात जमलं नाही, आणि वाचायला घेतलं की अक्षरं त्याच्यापुढे उड्या मारतात. म्हणून ती वाचायची, तो फेऱ्या मारत ऐकायचा. दोघांनी सार्डिन मासे डबाबंद करणाऱ्या, आता बंद पडलेल्या कारखान्याची एक वही निवडली: भोंग्यानंतर उशिरा आलेल्या बायकांची नावं, मिनिटं आणि मुकादमानं नोंदवलेली कारणं. तेल्मूनं जुन्या कारखान्यात दोनशे बारा एप्रन टांगले, प्रत्येकावर एक कारण. त्यांच्यामधून तो चालणार आणि लुदोविना अख्खी वही वाचणार. चार तास.

साहेब तालमीला आले. त्यांना व्हायोलिन हवं होतं, वेळ वीस मिनिटं हवी होती, आणि दारावर ‘विशेष कलाकारांची हृदयस्पर्शी धडपड’ अशी पाटी हवी होती. शिवाय लुदोविनानं जरा भावनेनं वाचावं.

“मुकादमानं भावनेनं लिहिलेलं नाही,” ती म्हणाली.

“अहो, पण लोकांना रडू यायला नको का?”

“कशाला?”

साहेबांनी पाटी लावलीच. तेल्मूनं ती काढून डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

प्रयोगाच्या दिवशी लुदोविना वाचत होती, “एतेल्विना फराज, अकरा मिनिटं, कारण: हसत होती.” तेवढ्यात पुढच्या रांगेतून चौऱ्याऐंशी वर्षांच्या एतेल्विनाबाई काठी टेकत उठल्या.

“खोटं आहे. हसत होती माझी बहीण. मी पोरीला पाजत होते.”

ठरलेला क्रम मोडला की लुदोविना कानांवर हात ठेवून निघून जाते. या वेळी तिनं चिठ्ठी आणि पेन्सिल घेतली.

“पोरगी किती महिन्यांची?”

“तीन.”

मग दुसरी म्हातारी उठली, मग तिसरी. तेल्मू धावत जाऊन एप्रनवरची कारणं बदलत राहिला. सात तास चाललं. साहेबांचं भाषण खिशातच राहिलं. पुढे वर्तमानपत्रात त्यांनी सांगितलं, की बायकांना बोलतं करायची कल्पना मूळ त्यांचीच.

आता दर गुरुवारी त्या बायका आमच्याकडे अभिलेखागारात येतात, आत खायला बंदी म्हणून पिशवीत तळलेली माकूळ मासळी लपवून. लुदोविना आधी सगळ्यांना हात धुवायला लावते, मगच वही उघडते.